शरदातली सहा पुस्तके

शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक, साधारण साठ दिवस. नोकरी, घर आणि सणवार सांभाळून दिवसाला तीस पाने वाचता आली, तर साठ दिवसांत अठराशे पाने होतात. पुस्तक सरासरी तीनशे पानांचे धरले तर सहा पुस्तके. हा हिशेब तसा उदारच आहे. ज्याला पंधरा पाने जमतात त्याच्या वाट्याला तीन येतील, ज्याला जमतच नाही त्याच्या वाट्याला शून्य. तूर्त सहा धरून चालू.

ही सहा कोणती असावीत, हा प्रश्न बहुतेकांना आवडीनिवडीचा वाटतो. भाजी कोणती करायची इतकाच. मला मात्र त्यात नीतीचा एक प्रश्न दडलेला दिसतो, आणि सहा हा आकडा समोर आला की तो लपत नाही. 'पुष्कळ वाचायचे आहे' असे म्हणणाऱ्याला काहीच निवडावे लागत नाही. 'सहा वाचता येतील' असे म्हणणाऱ्याला सातवे सोडावे लागते. आणि सोडण्याची वेळ आली की कारण द्यावे लागते, निदान स्वतःला तरी. ते कारण कसले असावे, आणि एकदा ठरवलेल्या यादीला आपण कितपत बांधील असतो, एवढ्याच दोन गोष्टींचा इथे विचार करायचा आहे.

वाचनाचा बेत शरदातच का आखायचा? उन्हाळ्याच्या सुटीत किंवा आषाढातल्या झडीत जास्त निवांतपणा असतो, हे खरे. पण आपल्या देशात पुस्तकांचा आणि शरदाचा संबंध फार जुना आणि चमत्कारिक आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची प्रथा रुजली. मित्र मूळचे आजगावकर. ते बंगाली वळणाचे आडनाव त्यांनी स्वतः घेतलेले. बंगालीतही नियतकालिकांचा मोठा हंगाम शरदातच येतो, दुर्गापूजेच्या आधी. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या अनेक कादंबऱ्या आधी 'देश'च्या शारदीय अंकांत आल्या आणि मग पुस्तक झाल्या. दोन्ही भाषांत लेखक पावसाळाभर लिहितात आणि वाचक शरदात वाचतात. कोलकात्यात तुलनात्मक साहित्यात एम.ए. करत असताना पूजेच्या आधी वृत्तपत्रविक्रेत्यांकडे अंकांची चळत लागलेली पाहिली की मला दादरच्या स्टॉलची आठवण यायची. लिपी वेगळी, हपापलेपण तेच.

पण शरदाची दुसरीही एक बाजू आहे. केरळात दुर्गाष्टमीच्या संध्याकाळी पुस्तके पूजेला ठेवतात. नवमीला वाचायचे नाही, लिहायचे नाही. विजयादशमीला सकाळी पूजा उघडली की मगच पुस्तक हातात घ्यायचे. त्याच दिवशी लहान मुलांचा हात धरून तांदळात पहिली अक्षरे गिरवून घेतात. तिरूरच्या तुंचन परंबूला त्यासाठी गर्दी लोटते. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन असते, एकच्या आकड्यांनी पाटीवर सरस्वती काढायची. आणि कार्तिक शुद्ध पंचमीला जैनांची ज्ञानपंचमी. त्या दिवशी ग्रंथभांडारांतली हस्तलिखिते बाहेर काढून त्यांची पूजा होते, ती झाडली-पुसली जातात, त्यांची वेष्टने बदलली जातात. चार महिन्यांची ओल आणि कसर यांपासून पोथ्या वाचवायच्या तर पाऊस सरल्यावर हे करायलाच हवे. गुजरातेतल्या आणि राजस्थानातल्या भांडारांत शेकडो वर्षांची हस्तलिखिते आजही वाचता येतात, त्यामागे या वार्षिक झाडलोटीचा वाटा मोठा आहे.

म्हणजे एकाच ऋतूत आपण पुस्तके छापतो, विकत घेतो, वाचतो, न वाचता पुजतो आणि झाडून पुन्हा बांधून ठेवतो. या सगळ्या क्रियांना मी 'पुस्तकाशी वागणे' म्हणते. वाचणे हा त्या वागण्याचा एक प्रकार झाला. कसे वागावे हा प्रश्न आला की नीती आलीच.

बेताला आपल्या भाषेत तीन शब्द आहेत आणि तिघांचे म्हणणे वेगवेगळे आहे. पहिला शब्द यादी. हा फारसी 'याद'वरून आला. विसरू नये म्हणून लिहून ठेवलेले ते यादी. वाण्याकडची यादी आपल्याला बांधत नाही, आठवण देते. गूळ मिळाला नाही तर पाप लागत नाही. दुसरा शब्द नेम. तो मुळात नियम. आजी रोज एक अध्याय वाचायची तो तिचा नेम. पण नेम धरणे म्हणजे निशाणा साधणे हेही आपण म्हणतोच. नेमात नियमितपणाही आहे आणि लक्ष्यही. नेम मोडतो, नेम चुकतो. यादी नुसती हरवते. तिसरा शब्द संकल्प. पूजेच्या आरंभी पळीभर पाणी सोडताना आधी देश आणि काळ सांगायचा असतो: कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कुठला शक, कुठले अयन, कुठला ऋतू, कुठली तिथी. त्यानंतर आपले नाव, आणि सर्वांत शेवटी काय करणार ते. करणारा हवेत उभा नाही, एका जागी आणि एका ऋतूत उभा आहे, हे आधी कबूल करायचे. शिवाय हाच शब्द आपण सरकारी अंदाजपत्रकालाही लावला, अर्थसंकल्प. तोही म्हणजे मर्यादित ऐवज कुणाकुणाला किती, याचा निर्णयच.

वाचनाचा बेत या तिन्हींपैकी कोणता? मला वाटते, आपण तो लिहितो यादीसारखा, पाळायला जातो नेमासारखा आणि त्याचा खरा अर्थ असतो संकल्पाचा. घोटाळा तिथे होतो.

बेताने आपण बांधले जातो का, आणि जात असू तर कुणाशी? तीन उत्तरे सुचतात. ती एकेक करून पाहू.

पहिले उत्तर: स्वतःशी. मी ठरवले, मी पाळायला हवे. यातली अडचण उघड आहे. दुसऱ्याला दिलेल्या शब्दातून तोच मला मोकळे करू शकतो. स्वतःला दिलेल्या शब्दातून मोकळे करणारी मीच. मग जे बंधन मी केव्हाही सोडू शकते ते बंधन कसले? शिवाय घटस्थापनेला बेत आखणारी मी आणि भाऊबीजेला दमून खुर्चीत बसलेली मी या अगदी एकच व्यक्ती नाहीत. पहिलीने दुसरीला न विचारता तिच्या नावावर नऊशे पानांचे कर्ज काढले आहे. तरीही हे उत्तर मला पुरते टाकून देता येत नाही. पहिलीने काहीच न ठरवता सोडले, तर दुसरी संध्याकाळी मोबाइल हातात घेणार हे दोघींनाही ठाऊक आहे. बेत म्हणजे त्या दमलेल्या मीसाठी आधीच्या मीने वाढून ठेवलेले ताट. ते खाल्लेच पाहिजे असे नाही. पण ते नसेल तर ती उपाशी निजते किंवा चिवड्यावर भागवते.

दुसरे उत्तर: पुस्तकाशी, लेखकाशी. हे ऐकायला भावुक वाटते. न वाचलेले पुस्तक रुसत नाही. बहुतेक लेखक हयात नसतात आणि हयात असलेल्यांना आपल्या कपाटाचा पत्ता नसतो. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. न वाचण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्कही त्यांत आहे. मोंतेन्य तर सोळाव्या शतकातच एखाद्या पुस्तकाचा कंटाळा आला की खुशाल दुसरे उचलत असे आणि तसे लिहीतही असे. हे मला मान्य आहे. पुस्तकाच्या बाजूने दावा लावता येत नाही.

तिसरे उत्तर: इतरांशी. इथे जमीन टणक लागते. वाचकाचे लक्ष ही मर्यादित वस्तू आहे आणि त्यावर कुणाचे तरी जगणे-मरणे अवलंबून असते. माणसाचे नसले तरी ग्रंथाचे, कधी भाषेतल्या एखाद्या परंपरेचे. जैन भांडारांतल्या पोथ्या दर कार्तिकात कुणीतरी उलगडल्या म्हणून टिकल्या. छापील पुस्तकही तसेच टिकते. वाचनालयात ज्याच्या मागच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तारखेचा शिक्का उमटत नाही ते पुस्तक एक दिवस रद्दीत जाते, आणि ते काढून टाकणाऱ्या ग्रंथपालाला दोष देता येत नाही. आम्हा अनुवादकांच्या बाबतीत हे आणखी उघडेवाघडे असते. एक पुस्तक अनुवादाला घेतले की वर्ष-दीड वर्ष जाते. पण घेण्याआधी ते वाचावे लागते. या शरदात मी जे वाचणार नाही ते माझ्या हातून मराठीत येणार नाही. 'वाचायला काय, आवड असते ज्याची त्याची' असे म्हणून मला सुटता येत नाही. अनुवादक नसलेल्या वाचकालाही तसे फारसे सुटता येत नाही. तोही कुणाला तरी सांगतो, भेट देतो, वाचनालयात मागतो, मुलांसमोर हातात धरतो.

तर मग न्याय करायचा. कसा? साहित्य अकादमी चोवीस भाषांतल्या पुस्तकांना पुरस्कार देते: आठव्या परिशिष्टातल्या बावीस, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. सहा पुस्तकांच्या हिशेबाने प्रत्येक भाषेतले एकच पुस्तक, तेही मिळेल त्या अनुवादात, वाचायचे म्हटले तर चार शरद लागतील. त्या चार शरदांत मराठी मिळून एकच. जगातल्या बाकीच्या भाषा, शिवाय ज्या कुठल्याच परिशिष्टात नाहीत त्या, गोंडी, भिली, कोलामी, यांना तर पाचवा शरद उजाडेपर्यंत थांबावे लागेल. समान वाटपाचा न्याय इतक्या थोड्या ऐवजात शक्यच नाही. एका शरदापुरते पाहिले तर प्रत्येक बेत अन्यायीच असणार.

इथे दोन चुकीचे निष्कर्ष निघतात. एक म्हणजे, न्याय शक्य नाही तर मग मन मानेल ते वाचावे. पण 'मन मानेल ते' ही चीज बाजारात तयार मिळते. आपण ठरवले नाही म्हणून काही ठरत नाही असे होत नाही. पुरस्काराची बातमी ठरवते, स्टॉलवर दर्शनी भागात काय मांडले ते ठरवते, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणणारे संकेतस्थळ ठरवते. दिवाळीच्या आधी हाती बोनस असतो म्हणून दिवाळीच्या आधी अंक येतात. यात गैर काही नाही, पण त्याला उत्स्फूर्तता म्हणू नये.

दुसरा चुकीचा निष्कर्ष जास्त सभ्य आहे, म्हणून जास्त धोक्याचा. तो असा की कोष्टक आखावे. एक स्त्रीचे, एक दलित लेखकाचे, एक ईशान्येचे, एक परदेशी, एक अभिजात, एक नवे. सहा झाली. मी असे बेत आखणारे पुष्कळ भले लोक पाहते आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, कारण कोष्टक नसते तर यांतली चार पुस्तके त्यांच्या हाती आलीच नसती. पण कोष्टकातून निवडलेले पुस्तक कोष्टकातच ठेवून वाचले की दुसरा अन्याय सुरू होतो. मणिपुरी कवयित्रीच्या कवितेत मग आपण मणिपूर शोधतो. तिला नुसता पाऊस पडल्याची कविता लिहायची मुभा राहत नाही. तिचा पाऊसही मणिपूरचा नमुना ठरतो. दलित आत्मकथनातला विनोद, त्याची वाक्यरचना, त्यातला बोलीचा नखरा हे सगळे ओलांडून आपण 'वास्तवा'कडे धावतो. सदाशिव पेठेतल्या लेखकाला मात्र आपण सदाशिव पेठेचा नमुना म्हणून वाचत नाही, तो नुसता लेखक असतो. ज्यांना आजवर यादीत जागा नव्हती त्यांना जागा देऊनही त्यांना प्रतिनिधीच ठेवले, तर फारसे काही दिलेले नसते.

म्हणून मी दोन वेळा वेगळ्या करून पाहते: निवडण्याची वेळ आणि वाचण्याची वेळ. निवडताना न्यायाचा विचार करावा, आणि तो मोकळेपणाने, कोष्टक लागले तरी लाजू नये. वाचायला बसल्यावर मात्र ते पुस्तक का निवडले होते हे विसरावे. पंगतीला कुणाला बोलवायचे हे ठरवताना गणित असते. कुणाकडे जायचे राहिले, कुणाला कधीच बोलावले नाही. पण पान मांडल्यावर यजमान ते गणित मनात घोळवत वाढू लागला तर पाहुण्याला ते लगेच कळते आणि घास उतरत नाही. आणि न्याय एका शरदात बसत नसेल तर तो अनेक शरदांत पाळीपाळीने करता येतो. गेल्या पाच वर्षांत काय वाचले हे आठवून पाहिले की या वर्षी कुणाची पाळी आहे ते आपोआप दिसते.

या सगळ्या चर्चेत एक गृहीत आहे आणि ते तपासायला हवे. बेत आखता येतो, म्हणजे ज्याच्या हाती वेळ आणि अक्षर दोन्ही आहेत अशा माणसाविषयी आपण बोलतो आहोत. अभ्यासाचे सर्वांत जुने शारदीय वेळापत्रक धर्मशास्त्रात सापडते. श्रावणात किंवा भाद्रपदात उपाकर्म करून वेदाध्ययन सुरू करायचे आणि साडेचार महिने करायचे, असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. तिथेच अध्ययन कधी थांबवावे याचीही लांबलचक यादी आहे, आणि शूद्र जवळ असताना अध्ययन करू नये असेही सांगितले आहे. काय वाचायचे, केव्हा वाचायचे आणि कुणाच्या कानावर पडू द्यायचे नाही, हे एकाच बेताचे तीन भाग होते. बेत निरागस नसतो, हे आपल्याच परंपरेने इतके स्पष्ट सांगून ठेवले आहे.

आणि ज्यांना वगळले त्यांचा बेत कसा असतो? बंगालमधल्या राससुंदरी देवी १९व्या शतकात लपूनछपून वाचायला शिकल्या. चैतन्य भागवताचे एक सुटे पान त्यांनी काढून घेतले, मुलाने अक्षरे गिरवलेले ताडपत्र मिळवले, दोन्ही स्वयंपाकघरात दडवली आणि रांधता रांधता अक्षराला अक्षर जुळवत राहिल्या. हे त्यांनी स्वतःच 'आमार जीबन' या आत्मचरित्रात लिहिले आहे. आपल्याकडे रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले. पती शिकवायला उत्सुक, पण घरातल्या बायकांचा शिकण्याला विरोध, आणि तो रोज सोसावा लागे. १९१० साली आलेल्या त्यांच्या आठवणींत ते सगळे आहे. राससुंदरींचा बेत सहा पुस्तकांचा नव्हता, एका पानाचा होता. पण बेत म्हणून तो माझ्या कोणत्याही बेतापेक्षा पक्का होता, कारण त्यात काय पणाला लागले आहे हे त्यांना नेमके माहीत होते.

आजही नवरात्रापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ घरातल्या बाईसाठी वर्षातला सर्वांत कामाचा असतो. जाळी-जळमटे, पडदे, अनारशाचे पीठ, चकलीची भाजणी, पाहुणे. ज्या ऋतूत मराठीत सर्वांत जास्त छापले जाते त्याच ऋतूत मराठी बाईला वाचायला सर्वांत कमी वेळ असतो. म्हणून घरातल्या एकाच्या वाचनाचा बेत हा दुसऱ्या कुणाच्या तरी वेळावर काढलेली हुंडी असू शकतो. सहा पुस्तके कोणती, या प्रश्नाआधी घरातल्या प्रत्येकाला किती पाने मिळणार, हा प्रश्न विचारला पाहिजे. चकल्या दोघांनी पाडल्या तर दोघांची मिळून सहा होतील, एकाची सहा आणि एकीचे शून्य होणार नाही.

आता बांधिलकीच्या प्रश्नाची उरलेली बाजू: ठरवलेले पुरे झाले नाही तर? याचे उत्तर मला माझ्या इंदूरच्या मावशीकडून मिळाले. ती निवृत्त शिक्षिका, दृष्टी हळूहळू जात चाललेली. भिंग आणि मोठा दिवा घेऊन दिवसाला चार-पाच पाने, त्याहून जास्त नाही. एका शरदात तिने स्वतःसाठी दोन पुस्तके ठरवली. एक छोटे, आधी तीनदा वाचलेले. दुसरी एका रशियन कादंबरीचा मराठी अनुवाद, नऊशे पानांचा. चार-पाच पानांच्या वेगाने साठ दिवसांत तीनशेसुद्धा होणार नाहीत, हे गणित तिलाही येत होते. ती गणितच शिकवायची. मी म्हटले, "मावशी, पुरी होणार नाही हे माहीत असून का घेतेस?" ती म्हणाली, "पुरं होईल तेवढंच वाचायचं ठरवलं ना, तर आता मला उखाण्यांचं पुस्तक तेवढं उरेल. आणि तुला कोण म्हणालं गं, कादंबरी पुरी व्हायला सुरू करतात?"

त्यानंतर मी व्रतांकडे नव्याने पाहू लागले. आपल्या व्रतांना उद्यापन असते, मुदत असते. चातुर्मासाचा नेम कार्तिकी एकादशीपर्यंत. त्यापुढे तो ओढत न्यायचा नसतो. आणि चातुर्मासाचे नेम पाहिले तर त्यांत काही करण्याइतकेच काही सोडण्याचेही महत्त्व असते. कांदा-लसूण सोडायचा, वांगे सोडायचे, कुणी एक वेळचे जेवण. पूर्णतेचा हट्ट तिथे नाही, ठरल्या दिवसांत ठरल्या रीतीने वागणे आहे. मावशीचा बेत तसा होता. पुस्तक संपवणे हे तिचे लक्ष्य नव्हते. त्या साठ दिवसांत आपली शिल्लक नजर कशावर ठेवायची, एवढेच तिने ठरवले होते आणि ते तिने पाळले. दोनशे चाळिसाव्या पानावर शरद संपला. कादंबरीत पुढे काय झाले हे मी सांगू का म्हटले तर नको म्हणाली.

तिची दुसरी निवड, तीनदा वाचलेले ते छोटे पुस्तक, हीसुद्धा सहज केलेली नव्हती. भाष्यकार योगक्षेम या शब्दाची फोड करताना सांगतात की जे नाही ते मिळवणे हा योग आणि जे आहे ते राखणे हा क्षेम. आपले बहुतेक बेत निव्वळ योगाचे असतात, नवे, न वाचलेले, राहून गेलेले. वाचलेल्या पुस्तकांवर ओल चढते, इकडे लक्ष जात नाही. विशीत वाचलेली कादंबरी माझ्या आठवणीत जी आहे ती आता फारशी ती कादंबरी उरलेली नाही. मीच तिच्यात इतकी वर्षे भर घालत आले आहे. वर्षातून एक जुने पुस्तक बाहेर काढून झाडून पुन्हा वाचणे, ही ज्ञानपंचमी प्रत्येकाला आपापल्या घरी करता येते. ल्युसिलियसला लिहिलेल्या दुसऱ्याच पत्रात सेनेकाने पुष्कळ पुस्तकांतून भटकणाऱ्याला इशारा दिला आहे. त्याचा रोख अगदी थोडक्याच लेखकांकडे पुन्हा पुन्हा जाण्यावर होता. मी इतकी कडक नाही. सहांत एक क्षेमाचे असावे, एवढेच म्हणते.

तेव्हा यंदाचा माझा संकल्प असा. एक पुस्तक जुने. एक असे, की ज्या भाषेकडे मी गेल्या पाच वर्षांत फिरकले नाही. यंदा ती पाळी ओडियाची आहे. एक मराठीतले या वर्षीचे नवे, कारण आपल्या भाषेत आज काय लिहिले जाते हे अनुवादकाला ठाऊक नसेल तर त्याचा अनुवाद वीस वर्षांपूर्वीच्या मराठीत होतो. एक जाडजूड, पुरे न होणारे. एक निव्वळ मजेचे, त्यात दिवाळी अंक बसतो, फराळाच्या ताटाशेजारी तेलकट बोटांनी उलटायचा. ज्या बेतात मजेला जागा नाही तो कोजागिरीपर्यंतही टिकत नाही, आणि कर्तव्य म्हणून वाचलेल्या पुस्तकांनीच पुष्कळांचे वाचन कायमचे सुटले आहे.

ही पाच झाली. सहावी जागा मी रिकामी ठेवते. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे करतात. सगळ्या तिथ्या भरून टाकलेल्या बेतात अतिथीला जागा राहत नाही. कुणी हातात आणून देईल, रेल्वेत शेजारचा वाचत असेल, रद्दीच्या दुकानात दहा रुपयांना मिळेल, किंवा कुणी म्हणेल की मला दिसत नाही, जरा वाचून दाखव. यांतले काय येईल ते आधी सांगता येत नाही. काहीच आले नाही, तर त्या दहा दिवसांत कपाट उघडून पुस्तके उन्हात ठेवता येतील. शरदातले ऊन त्यासाठी चांगले असते.